मानाचं दही

मडकं तिरकं केलं आणि आतलं दूध सरळ काठाकडे धावलं. लागलेलं दही असं धावत नाही, ते जागच्या जागी थरथरतं. देवाचं होतं म्हणून चाखून बघायची सोय नव्हती. मी नाक जवळ नेलं. आंबट वासाचा पत्ता नव्हता. मी फडकं पुन्हा होतं तसं झाकलं आणि चुलीपुढे जाऊन बसले, जसं काही मडकं अजून उघडलंच नव्हतं.

न्हाणीतून आत्याबाईंचा आवाज आला, "लागलं का गं, शालन?"

"बघते आता," मी म्हटलं.

आत्याबाई म्हणजे माझी सासू. आमच्या सांगलीकडे सासूला आत्या म्हणायची रीत आहे, मग ती बापाची बहीण असो वा नसो. माझी नव्हती, आणि ते त्या वर्षभरात मला पुरतं कळून चुकलं होतं. त्या ओलेत्यानेच आल्या, मडकं हलवून पाहिलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "हवा बदलली असंल." चैत्र चालू होता. पत्र्याखाली दूध नुसतं झाकून ठेवलं तरी दुपारपर्यंत नासायचं. हवेला दोष द्यायला जागाच नव्हती, आणि ते त्यांनाही ठाऊक होतं.

याला आता पस्तीसेक वर्षं झाली. माझं लग्न होऊन पहिलंच वर्ष होतं. बोरखडी गावात चैत्रात सप्ताह बसायचा आणि शेवटच्या दिवशी काला व्हायचा. त्या काल्याच्या दह्याचा मान देवकरांच्या, म्हणजे आमच्या घराचा. मान म्हटला की अटी आल्या. दूध घरच्या गाईचंच हवं, मडकं कोरं हवं, आणि दही घरच्या सुनेनं लावायचं. विरजणसुद्धा बाहेरचं चालायचं नाही, घरचं नाहीतर देवळातलं. सप्ताह बसला की त्या गाईच्या दुधाचं वाटीभर विरजण मडक्यात धरायचं, रोज त्याच्यातलंच पुढच्या दुधाला लावायचं, आणि शेवटी त्यातून काल्याची घागर भरायची. सुनेनं तेवढे दिवस सोवळ्यात राहायचं. महिन्याची अडचण आली तर तिनं गोठ्याकडच्या खोलीत बसायचं आणि दही सासूनं लावायचं.

मी कराडची, बारावी शिकलेली. हे सगळं ऐकून मनातल्या मनात मी पुष्कळ हसले होते. तोंडावर हसायची मला मुभा नव्हती, कारण मी दुसरेपणावर आलेली होते. माझ्या यजमानांचं, दिनकररावांचं, आधी एक लग्न झालेलं. ती बायको वर्षा-दीड वर्षात माहेरी गेली, सोडचिठ्ठी झाली. का, तर "पटलं न्हाई" एवढंच मध्यस्थाने सांगितलं होतं. माझ्या पाठीवर तीन बहिणी होत्या. आमच्या वडिलांनी जास्त चौकशी केली नाही. मीही केली नाही.

मानाची गाय म्हणजे मोरी. ती फाल्गुनात व्याली आणि मग तिचं काहीतरी बिनसलं. पाठ कमानीसारखी करून उभी राहायची, पोटाला लाथा झाडायची, आणि मूत बघावं तर लालसर. दवाखान्यातले डॉक्टर घोलप येऊन म्हणाले की तिच्या मूत्रपिंडात जंतू शिरलेत, पू धरलाय. त्यांनी सुया चालू केल्या. सुया आहेत तोवर आणि त्यानंतरचेही काही दिवस दूध कुणाच्या पोटात जाऊ देऊ नका, असं बजावून गेले. आत्याबाई त्याबाबत इतक्या कडक की त्यांनी ते दूध मांजरालासुद्धा दिलं नाही, उकिरड्यावर ओतलं. सप्ताह बसायच्या आत डॉक्टरांनी दिलेली मुदत टळून गेली. मोरी वैरण खायला लागली, आम्ही निर्धास्त झालो. तिच्या दुधाचा चहासुद्धा झाला आणि चांगला झाला.

आणि मग हे मडकं. पहिल्या दिवशी लागलं नाही तेव्हा हवा बदलली होती. दुसऱ्या दिवशी आत्याबाईंनी विरजणासाठी देवळातून तीर्थासाठीचं दही मागून आणलं, आपल्या देखत मला लावायला सांगितलं. सकाळी पुन्हा दूध ते दूधच. या वेळी त्यांनी हवेचं नाव काढलं नाही.

आता कुणी म्हणेल, शेजारच्या भांड्यातलं बघायचं. बघितलं की. आमची म्हैस होती, तिचं घरच्यापुरतं दही मीच लावायचे, त्याच चुलीपाशी, त्याच हातानं. ते असं घट्ट लागायचं की चमचा उभा राहावा. मी मोठ्या विश्वासाने ते भांडं आत्याबाईंपुढे धरलं. मला वाटलं, आता तरी त्यांना पटेल की हातात काही दोष नाही. त्यांनी ते दही बघितलं आणि त्यांचा चेहरा जास्तच उतरला. त्यांचा हिशोब वेगळा होता. म्हशीचं दही माणसांचं, ते कुणाच्याही हातानं लागतं. मोरीचं दही देवाचं, आणि विटाळ देवालाच कळतो. माझा पुरावा माझ्यावरच उलटला.

मग त्यांनी विचारलं. आवाज चढवून नाही, अगदी हळू. "शालन, खरं सांग. बाहेरची हायेस का?"

"नाही, आत्याबाई."

"लाजायचं न्हाई. सांगितलंस तर गावाला कळायचं न्हाई."

"खरंच नाही."

त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि उठून गेल्या. विश्वास ठेवायची त्यांची इच्छा होती, हे मला आज कळतं. त्या दिवशी मात्र मला त्यांचा फक्त राग आला.

दुपारी पाणी भरायला गेले तर शेजारच्या गोदाकाकूंनी मला बाजूला ओढलं. बाई मोठी बोलघेवडी, पण त्या दिवशी तिचाही आवाज खाली आला होता. तिने मला ते सांगितलं जे वर्षभर कुणीच सांगितलं नव्हतं. माझ्या आधीची, अनुसया, हिच्या हातचंही मानाचं दही लागलं नव्हतं. तिलाही हेच विचारलं होतं. तीही नाही म्हणाली होती. मग तिला सांगितलं, काला होईस्तवर माहेरी जाऊन ये. ती पिशवीत दोन लुगडी घालून गेली. काला दुसऱ्या घरच्या दह्यावर उरकला, पण तिला आणायला कुणी गेलं नाही. नंतर गावात बोभाटा झाला की बाई खोटं बोलून देवाला शिवली. मग तिला परत आणणं आणखीच अवघड झालं, आणि शेवटी कागद झाले. "तू काय ते कबूल करून टाक, पोरी," गोदाकाकू म्हणाली. "कबूल केलं की तेवढ्यावर भागंल. न्हाई म्हणत बसलीस की तिच्यासारखं व्हईल."

घागर तशीच भरून वाहत राहिली. माहेरी जाऊन ये या तीन शब्दांना आमच्या घरात काय अर्थ आहे, ते मला आत्ता कळलं. आणि माझ्या माहेरी तीन बहिणी उभ्या होत्या. मी परत गेले असते तर त्यांना कुणी दारात उभं केलं नसतं.

खोटं कबूल करायचं मी जवळजवळ ठरवलं होतं. एवढ्यातेवढ्याने घर मोडण्यापेक्षा चार दिवस गोठ्याकडच्या खोलीत बसलेलं काय वाईट, असं स्वतःला समजावत मी भाकरी थापत होते. मामंजी आणि हे जेवायला बसले होते. हे म्हणजे अबोल माणूस. त्यांचा आवाज घरातल्या माणसांपेक्षा बैलांच्या जास्त ओळखीचा. वर्षभरात माझ्याशीसुद्धा ते मोजकंच बोलले होते, आणि आईसमोर तर एक अक्षर नाही. आत्याबाईंनी वाढता वाढता, सहज बोलल्यासारखं, मला म्हटलं, "तू जरा कराडला जाऊन ये. काला होईस्तवर."

माझ्या हातातली भाकरी तव्यावर दुमडली. मामंजी ताटात बघत राहिले. यांनी घास खाली ठेवला.

"ती कुठं जायची न्हाई."

आत्याबाईंना ऐकू आलं नसावं, किंवा आलेलं पटलं नसावं. त्या म्हणाल्या, "दिनकर, देवाचं काम हाय."

"आसंल. पण ती खोटं बोलत न्हाई, आई. तिनं न्हाई म्हटलं म्हंजे न्हाई." त्यांची मान खालीच होती. "आजचं दही तू लाव. तुझ्या हातानं लाव आन बघ."

ते ताटातच हात धुऊन उठले. मी चुलीकडे तोंड फिरवलं, कारण मला रडू येत होतं आणि ते दुःखाचं नव्हतं. खरं सांगायचं तर तेवढा आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता. कुणीतरी माझा शब्द खरा मानला होता, आणि तेही ज्याच्याकडून मी काही अपेक्षाच ठेवली नव्हती त्याने. करपलेल्या भाकरीचा वास आला तेव्हा मी भानावर आले.

त्या संध्याकाळी आत्याबाईंनी दुसऱ्यांदा अंघोळ केली, ओल्या लुगड्याने मोरीची धार काढली, कोऱ्या मडक्यात दूध ओतलं, देवळातलंच दही बोटाने सोडलं, हात जोडले. मला त्यांनी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर उभं केलं होतं. माझी सावलीसुद्धा त्या दुधावर पडली नाही.

सकाळी त्यांनी मडकं उघडलं आणि बराच वेळ त्या तिथेच बसून राहिल्या. मी वाकून बघितलं. दूध होतं.

मला हसू आलं. खोटं कशाला बोलू, चांगलं पोट भरून हसू आलं, मी ते पदरात दाबलं. मग त्यांनी आपला उजवा हात पालथा-उलथा करून पाहिला. ज्या बाईची महिन्याची अडचण बंद होऊन वर्षं लोटली होती, ती आपल्या हातात विटाळ शोधत होती. त्या मामंजींना विचारत होत्या की माझ्या हातून काय घडलं असेल हो. माझं हसू जागच्या जागी विरलं.

यांनी सायकल काढली आणि डॉक्टर घोलपांना घेऊन आले. मोरीला एकदा बघून जा एवढंच सांगून आणलं होतं. दह्याचं डॉक्टरांना कसं विचारायचं, याची आत्याबाईंना लाज वाटत होती. मीच विचारलं. डॉक्टर आधी हसले आणि मग एकदम हसायचे थांबले. त्यांनी मोरीचं मूत काचेच्या बाटलीत धरायला सांगितलं. उन्हात धरून बघितलं. लाली गेली होती, पण गढूळपणा गेला नव्हता.

"आजार मुळातून गेलेला नाही," ते म्हणाले. मग ते गव्हाणीच्या कडेवर बसले आणि आत्याबाईंना समजेल असं सावकाश सांगू लागले. सुई टोचली की औषध रक्तातून अंगभर फिरतं. काम झालं की मूत्रपिंडं ते गाळतात आणि मुतावाटे बाहेर टाकतात. पण इथे दुखणंच मूत्रपिंडाचं. ती सुजलेली, आत पू साठलेला. "म्हणजे झालं काय, आजी, ज्या जागेसाठी औषध दिलं त्या जागेत ते पुरतं शिरेना. आणि अंगाबाहेर पडायचा दरवाजाही तोच, तो अर्धा बंद. मग ते जाईल कुठे? रक्तात फिरत राहतं आणि दुधात उतरतं. दही लावतात ते जंतूच असतात, चांगले जंतू. औषध जंतू मारायला दिलेलं. विरजणातले कुठले आणि दुखण्यातले कुठले, ते औषधाला कळत नाही."

"पर तुमी सांगितलेली मुदत तर सरली," आत्याबाई म्हणाल्या.

"मी सांगितली ती धडधाकट मूत्रपिंडांच्या जनावराची मुदत. हिची वेगळी धरायला हवी होती. चूक माझी आहे." हे त्यांनी सरळ कबूल केलं. "तुमच्या घरात कुणाच्याही हातात काही नाही."

माझ्या जिवात जीव आला. मी सुटले होते, चारचौघांत, डॉक्टरांच्या तोंडून. यांच्याकडे बघावं म्हणून मी मान वळवली, तर ते माझ्याकडे बघतच नव्हते. ते आपल्या वडिलांकडे बघत होते.

मामंजी गोठ्याच्या दाराला टेकून उभे होते. ते कुणालाच उद्देशून बोलले नाहीत. "त्या सालाला कपिलेलाबी सुया दिल्या हुत्या," ते म्हणाले. "तीबी लाल मुतत हुती."

कपिला ही मोरीची आई. ते साल म्हणजे अनुसयेचं.

डॉक्टरांना काही कळलं नाही, ते बॅग आवरून गेले. हे दावं हातात घेऊन उभेच राहिले, आणि मग मळ्याकडे निघून गेले, ते दिवेलागणीपर्यंत आले नाहीत. आत्याबाई गव्हाणीपाशी खाली बसल्या. आणि मी? मला वाटलं, हे मामंजींनी बोलायला नको होतं. एवढंच वाटलं आधी. ज्या गोष्टीने मला वाचवलं, तीच गोष्ट त्या बाईलाही वाचवू शकली असती. मग मी या गोठ्यात उभी नसते. जागा तिची होती. माझी चूल, माझं कुंकू, सगळं एका आजारी गाईच्या जोरावर उभं होतं. आणि तरीही ते कुणी उच्चारू नये असंच मला वाटत होतं. याची मला लाज वाटली, अजून वाटते.

काला झाला. गोदाकाकूच्या गाईचं दही घेतलं, पुजाऱ्याने कुरकुर केली, देवाने केली नाही. सप्ताह उठला त्या संध्याकाळी आत्याबाईंनी यांना सांगितलं की मला अनुसयेकडे जायचंय, तू चल. हे नाही म्हणाले. आईला त्यांनी आयुष्यात दुसऱ्यांदा नाही म्हटलं. "मी कुठल्या तोंडानं जाऊ," एवढंच बोलले. मग आत्याबाई माझ्याकडे वळल्या. त्यांना ते औषधाचं नीट सांगता येणार नव्हतं, म्हणून मी हवी होते.

एसटीने गेलो. अनुसयेच्या भावाचं घर फाट्यापासून आत, रस्त्याला लागून होतं. ओट्यावर शिवणयंत्र मांडून ती काही शिवत बसली होती. माझ्यापेक्षा थोडी मोठी, काळीसावळी, शांत चेहऱ्याची बाई. तिने आत्याबाईंना ओळखलं, उठून उभी राहिली, डोक्यावर पदर घेतला आणि आत जाऊन पाणी घेऊन आली. मी कोण ते तिने विचारलं नाही. माझ्या गळ्यातल्या मंगळसूत्राकडे एकदा बघितलं, तेवढ्यावरून तिला कळलं.

आत्याबाई पाणी न पिताच म्हणाल्या, "अनुसया, माझं चुकलं." एवढं बोलून त्या माझ्याकडे वळल्या. मग मी सांगितलं. यंदा माझ्यावर आलेला संशय, कपिलेचं दुखणं, मूत्रपिंडं, औषध कुठे जातं आणि कुठे अडकतं, सगळं डॉक्टरांनी सांगितलं तसं. ती ऐकत राहिली. मधेच तिने यंत्रावरचं कापड काढून घडी करून ठेवलं.

"म्हंजे माझ्या हातात काय नव्हतं," ती म्हणाली.

"नव्हतं."

"मी त्या सालापास्नं दुधाला हात लावला न्हाई. वैनी कधी न्हाई म्हणाली न्हाई, मीच लावला न्हाई." ती आपल्याशीच बोलल्यासारखी बोलत होती. "मला वाटायचं, मलाच कळलं नसंल. अंगावर आलं आसंल आन मला कळलं नसंल."

आत्याबाई रडायला लागल्या. म्हातारी बाई ओट्यावर बसून मोठ्याने रडत होती आणि अनुसया तिच्या पाठीवरून हात फिरवत होती. मी तिथे काय करत होते ते मला समजेना. तिला राग आला असता तर मला बरं वाटलं असतं. तिने शिव्या दिल्या असत्या तर मी त्या निम्म्या वाटून घेतल्या असत्या. तिने चहा टाकला, आणि तो मी प्यायले.

निघताना तिची वहिनी आत्याबाईंना धरून फाट्याकडे पुढे चालू लागली. आम्ही दोघी मागे राहिलो. बराच रस्ता चालून झाल्यावर तिने विचारलं, माझ्याकडे न बघता.

"तुमच्या वेळंला ते काय म्हणाले?"

कोण ते, हे विचारायची गरज नव्हती.

मला काय सांगता येत होतं? की त्यांनी घास खाली ठेवला. की त्यांनी आईला सांगितलं, ती खोटं बोलत नाही. की त्या एका वाक्यामुळे म्हातारीने स्वतः दही लावलं आणि सगळं उजेडात आलं. ते वाक्य त्यांनी आधीच्या खेपेला म्हटलं असतं तर आज मी कराडमध्ये असते आणि हिचं कुंकू हिच्या कपाळावर असतं. त्यांना ते वाक्य हिच्यावरून शिकायला मिळालं आणि वापरलं माझ्यासाठी. हे तिला कोणत्या तोंडाने सांगायचं?

"काही नाही," मी म्हटलं. "गप्प बसले. आत्याबाईंनाच शंका आली, त्यांनी स्वतः लावून पाहिलं."

ती थांबली. मग तिने हळूच मान हलवली, आणि मी पाहिलं, तिचे खांदे सैल पडले.

"माझ्या वेळंलाबी गप्पच बसले हुते," ती म्हणाली. "मला वाटायचं, माझ्यातच काय कमी हाय. मग सोभावच तसा हाय त्यांचा."

"हो," मी म्हटलं. "स्वभावच तसा आहे."

एसटी आली. अनुसयेने आत्याबाईंना हाताला धरून चढवलं आणि मला म्हणाली की जपून जावा. मी खिडकीतून बघितलं तर ती फाट्यावरून वळून घराकडे निघालेलीसुद्धा होती. आयुष्यात मला मिळालेली सगळ्यात मोठी गोष्ट मी तिच्यासमोर पायाखाली घातली होती, आणि तेच त्यातल्या त्यात बरोबर होतं, हे मला कळत होतं. तरी मन खात होतं. नवऱ्याला भित्रा ठरवल्याबद्दल खात होतं, आणि तो भित्रा नव्हता याबद्दल त्याहून जास्त.

घरी आलो तेव्हा हे अंगणात वैरण टाकत होते. आत्याबाई आत गेल्या. मी हातपाय धुतले. ते जवळ आले आणि विचारलं, बरी हाय का. मी म्हटलं, बरी आहेत, शिवणकाम करतात. ते तिथेच उभे राहिले. आणखी काहीतरी विचारायचं होतं आणि विचारवत नव्हतं, ते मला दिसत होतं.

"माझं काय इचारलं का तिनं?"

"विचारलं. माझ्या वेळेला तुम्ही काय म्हणालात ते विचारलं."

त्यांच्या हातातली वैरणीची पेंढी तशीच राहिली. "मग? काय सांगितलंस?"

"तुम्ही गप्प बसलात, असं सांगितलं."

ते माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं ते रागावतील, कारण एवढ्या अबोल माणसाचं आयुष्यातलं एकच धाडस मी पुसून आले होते. त्यांनी पेंढी मोरीपुढे टाकली आणि हात झटकले.

"बरं केलंस," ते म्हणाले, आणि माझ्याकडे पाठ करून गोठ्यात जाऊन बसले. मी जेवायला बोलवायला गेले नाही.